मुकी गाडी

भिंगरीने विजेवर चालणारी डर्ट बाइक घरी आणली, त्या दिवशी ताईच्या मनात शंकेची पाल पहिल्यांदा चुकचुकली. गाडीमुळे नव्हे. भिंगरीच्या बोलण्यामुळे.

भिंगरी म्हणजे ताईची धाकटी बहीण. लहानपणी एका जागी टेकायची नाही, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं. पुढे ती मातीच्या ट्रॅकवर शर्यती मारायला लागली, तेव्हा माइकवर ओरडणाऱ्यांनीही तेच उचललं. ताई तिच्याहून बरीच मोठी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताईचं गॅरेज. भिंगरीने गाडी उडवायची, आपटायची, चिखलात लोळवायची आणि ताईने ती पुन्हा धडधाकट करून द्यायची, अशी दोघींची वर्षानुवर्षांची वाटणी. भिंगरी वळणावर क्लच किती दाबते आणि कधी सोडते, हे ताईला कुंपणाबाहेर उभं राहून नुसत्या आवाजावरून कळायचं.

आणि हीच भिंगरी विजेच्या गाड्यांची सगळ्यांत जास्त टिंगल करणारी. "मिक्सरला चाकं लावलीत," असं म्हणायची. कुणी ट्रॅकवर तसली गाडी आणली, की मागे जाऊन "चटणी झाली का हो?" म्हणून विचारायची.

आता टेम्पोतून तीच गाडी उतरवून घेत ती म्हणत होती, "ताई, पुढे हेच चालणार आहे. तेल बदलायला नको, फिल्टर नको, प्लग नको. मूठ पिळली की निघाली. ताकद सुरुवातीपासून पूर्ण मिळते."

ताईने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "ही वाक्यं कुणाची?"

"कुणाची म्हणजे? माझी."

"तुझी वाक्यं मला पाठ आहेत. त्यात 'पूर्ण' हा शब्द कधी नसतो."

भिंगरी हसली, पण जरा उशिराच.

ताईने गाडीभोवती एक चक्कर मारली. दुसरी मारली. ती उगाच नाक मुरडणाऱ्यांतली नव्हती. काम चांगलं होतं, ते तिने मनातल्या मनात कबूल केलं. मोटर खाली, मधोमध. हलणारे भाग जवळजवळ नाहीतच, म्हणजे मोडणारेही नाहीत. तापलेला सायलेन्सर नाही, म्हणजे पोटरी भाजायची भीती नाही. मग तिने मागचा भाग उचलून पाहिला आणि भुवया वर नेल्या.

"बॅटरीचं वजन बघितलंस? ओल्या चढावर ही अंगावर आली तर?"

"नाही येणार."

"आणि मध्येच संपली तर? पेट्रोल संपलं तर कुणाच्या तरी डब्यातून मागता येतं. वीज कुणाकडे मागणार? ओंजळ पुढे करून?"

"मी लांब जाणारच नाहीये."

हेही नवीनच. लांब न जाणारी भिंगरी ताईने जन्मात पाहिली नव्हती.

तेवढ्यात तिची नजर हँडलच्या डाव्या बाजूवर गेली. तिथे काहीच नव्हतं. पेट्रोलच्या गाडीला तिथे क्लचचा लीव्हर असतो. हिला क्लच नाही, ते ठीक. पण दांड्यावर पकडीचा ताजा व्रण होता, रंग घासला गेलेला. तिथून काहीतरी काढलेलं होतं.

"इथे काय होतं?"

"मागचा ब्रेक. पायावर घेतला. मला सवय पायाची."

उत्तर बिनचूक होतं. इतकं बिनचूक, की आधीच तयार करून ठेवल्यासारखं वाटलं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं ताईला तेव्हाच वाटलं. जुनी, कुणीतरी वापरून टाकलेली गाडी रंगरंगोटी करून हिच्या गळ्यात मारलेली दिसते, आणि ती घेताना ही भुलली ती गाडीला नव्हे, विकणाऱ्याला.

घरात मात्र ताईच्या बाजूने कुणी नव्हतं. बाबांचं आयुष्य छापखान्यात गेलेलं. तिथल्या यंत्रांनी त्यांचे कान अर्धे खाल्ले होते. ते म्हणाले, "आधीची वाजत होती का? मला वाटलं, सगळ्याच अशा असतात." शेजारच्या शिक्षिकाबाई, ज्या भिंगरीने किक मारली की खिडक्या धाडकन लावून घ्यायच्या, त्या चक्क फाटकापर्यंत येऊन गाडीचं कौतुक करून गेल्या. "किती सुशिक्षित वाहन आहे!" असं म्हणाल्या. ताईला ते आपल्या सगळ्या जुन्या गाड्यांना हिणवल्यासारखं लागलं.

खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते ताई स्वतःशीही धड बोलत नव्हती. या गाडीला मिस्त्री कशाला लागतो? चेन ताणा, टायरची हवा बघा, संपलं. भिंगरीला आता गॅरेज नको झालं असेल, तर मग गॅरेजात बसलेली बहीण तरी कशाला हवी असेल?

एकदा संशय डोक्यात बसला, की त्याला खायला रोज काहीतरी मिळतं. भिंगरीने हेल्मेट बदललं. आधीच्याला कड्यांमधून पट्टा ओवायला लागायचा, नव्याला चुंबकाचं बक्कल, जवळ नेलं की टक्कन बसायचं. मग बिनलेसचे बूट आले. मग शर्ट जाऊन डोक्यातून घालायचे सदरे आले. हे सगळं हिला कोण आणून देतंय? गुरुवारी दुपारी ती कुणाला न सांगता जायची आणि येताना मुकाट्याने यायची. फोन आला की अंगणात जाऊन बोलायची. आणि तो हातमोजा! शेडमध्ये यायची तीही डाव्या हातात मोजा घालूनच.

"घरातसुद्धा?" ताईने विचारलं.

"गारठा आहे."

गारठा होता, हे खरं. पण मग एकाच हातात का?

शेवटी ताई गाडी विकणाऱ्याच्या दुकानात गेली. दुकान काचेचं, आत दिवे, जमिनीवर तेलाचा एक थेंब नाही. दुकानवाला सडपातळ, चाळिशीचा, अतिशय नम्र. त्याची नखं स्वच्छ होती. गाड्यांच्या धंद्यातल्या माणसाची स्वच्छ नखं ताईला कधीच पटली नव्हती.

"तुम्ही ताई ना?" त्याने आपणहून विचारलं. "त्या म्हणाल्या होत्या तुमच्याबद्दल."

"काय म्हणाली होती?"

"की तुम्ही येणार."

ताई मुद्द्यावर आली. "ती गाडी नवी आहे की जुनी?"

"अगदी नवी. बिल दाखवू?"

"मग डावा लीव्हर का काढला?"

दुकानवाल्याने समोरच्या स्वच्छ टेबलावरून उगाच हात फिरवला. "मीच काढला. त्यांच्या सांगण्यावरून. त्याच्या पुढचं मी बोलणं बरं नाही. तुमच्या घरातलं आहे ते."

"घरातलं?"

"त्या सांगतीलच. मी त्यांना तसा शब्द दिलाय."

शब्द दिलाय! ताई परत निघाली ती तडातडा पावलं टाकत. घरातलं काय, शब्द काय, गुरुवार काय. हे तर सरळ सरळ लग्नापर्यंत गेलेलं प्रकरण दिसत होतं. म्हणजे उद्या बहीण त्या काचेच्या दुकानात जाऊन बसणार आणि आपण इथे शेडमध्ये जुने कार्ब्युरेटर धूत राहणार.

रात्रीच्या जेवणाआधी तिने बाबांच्या कानाशी जाऊन आपला संशय सांगितला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मुलगा बरा आहे का?" त्यांनी विचारलं.

"बाबा!"

"नाही, तू इतकी रागावलीयस म्हणजे बराच असणार."

रविवारी सकाळी भिंगरी खाणीवर निघाली. वस्तीबाहेरची दगडाची खाण कधीच बंद पडली होती. तिथल्या चढ-उतारांवर हौशी लोकांनी ट्रॅक केला होता. ताईने ठरवलं, आज मागे जायचं. दुकानवाला तिथे येत असेल, तर दोघांना समोरासमोर धरायचं. तिने भिंगरीचीच जुनी पेट्रोलची गाडी काढली, किक मारली आणि लांबून मागे लागली.

पण लांबून मागे लागणं हे काही सोपं काम नव्हतं. एरवी तिने डोळे मिटूनही सांगितलं असतं की भिंगरी आता कुठल्या वळणावर आहे. आज पुढे नुसती शांतता. धूळ दिसली तर दिसली. खाणीच्या वाटेवर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उभे होते. ताई दिसताच त्यांनी काठीच उगारली.

"आत्ता पुढे गेली ती कोण? भुतासारखी आली बाजूने! माणूस मारायचा विचार आहे का?"

"चुकलं, काका. काही लागलं का?"

"छातीत धस्स झालं, अजून काय लागायला हवं? तुझी निदान ऐकू तरी येते, बाजूला तरी होता येतं. तिला सांग, तोंडाने ओरडत जा म्हणावं!"

ताईने त्यांची माफी मागितली, आणि मनातल्या मनात गाडीच्या नावावर अजून एक गुन्हा जमा केला. मग हरवलेला वेळ भरून काढायला तिने गाडी पिळली. दुसऱ्या उतारावर सुटी खडी होती, हे तिला माहीत होतं. तिनेच कितीदा भिंगरीला बजावलं होतं. पण नजर पुढच्या धुळीवर होती आणि डोक्यात दुकानवाला. मागचं चाक सरकलं, गाडी आडवी झाली आणि ताईचा डावा पाय तिच्याखाली आला. इंजिनाने एक आचका दिला आणि ते बंद पडलं.

खाणीत एकदम सामसूम झाली.

ती धडपडत पाय ओढून काढते न काढते, तोच भिंगरी समोर उभी. आली कधी, कळलंच नाही.

"ताई! काय झालं? पाय दाखव."

"तुला कसं कळलं मी पडले ते?"

"तुझा आवाज येत होता मागून कधीचा. उतारावर एकदम थांबला. असा थांबतो का कधी?" भिंगरी गुडघ्यांवर बसली होती. "पाठलाग करतेयस ते घराच्या कोपऱ्यापासून माहितीये मला. ती गाडी घेऊन कुणी पाठलाग करतं का?"

घोटा बघता बघता टरारून फुगला. हाड मोडलं नसावं, पण पाय टेकवत नव्हता. खाणीच्या त्या खोलगट भागात फोनला रेंज नव्हती.

"तू बस इथे. मी जाते, कुणाला तरी घेऊन येते," भिंगरी म्हणाली.

"कशाला? दोन गाड्या आहेत, दोन माणसं आहेत," ताई म्हणाली. "या गाडीचा गिअर डाव्या पायाने टाकायचा, तो मला जमणार नाही. तुझीला गिअरच नाही. मी तुझी घेते, तू ही चालव. हळूहळू जाऊ."

भिंगरी दोन पावलं मागे सरकली.

"काय झालं?"

"नको. मी माणसं आणते."

"तुझीच गाडी आहे. याच गाडीवर तू बक्षिसं मारलीस. आता हात लावलास तर पेट्रोलचा वास लागेल का अंगाला? त्याला आवडणार नाही का?"

"कुणाला?"

"मला वेडी समजू नकोस. दुकानवाल्याला!"

भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू आलं, आणि ते मध्येच कुठेतरी मोडलं. ती उठली, पेट्रोलची गाडी एका बाजूने, खांदा लावून उभी केली. ताईला ते विचित्र दिसलं. भिंगरी गाडी नेहमी दोन्ही हातांनी एका हिसक्यात उचलायची. मग भिंगरीने डाव्या हातातला मोजा दातांनी ओढून काढला आणि क्लचच्या लीव्हरवर बोटं ठेवली.

"बघ," ती म्हणाली.

बोटं लीव्हरवर वाकली. भिंगरीच्या मानेची शीर फुगली. लीव्हर जागचा हलला नाही. तिने खांद्यातून जोर लावला, तेव्हा जेमतेम हलला, आणि लगेच बोटं आपणहून उघडली, झोपलेल्या माणसाची उघडतात तशी.

ताई घोट्याचं दुखणं विसरली. चुंबकाचं बक्कल, बिनलेसचे बूट, बिनबटणांचे सदरे. हे सगळं तिने पाहिलं होतं आणि भलत्याच माणसाच्या खात्यावर टाकलं होतं.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यात पडले होते ना खांद्यावर, तेव्हापासून. आधी मुंग्या यायच्या. मग जोरच गेला. खांद्यातली नस दबली होती म्हणाले. गुरुवारी व्यायामाला जाते. येईल म्हणतात, नाही येणार असंही म्हणतात. ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू गाडी बंद केली असतीस."

"केलीच असती!"

"म्हणूनच." भिंगरी दगडावर बसली. "हिला क्लच नाही. डाव्या हाताला कामच नाही. मला वाटलं, हात परत येईपर्यंत तरी... शर्यतीत जुन्या गाडीवर बसले असते तर पहिल्याच वळणावर तू आवाजावरून ओळखलं असतंस."

ते खरं होतं. मुकी गाडी घेतली होती ती ताईच्या कानांपासून लपायला.

ताईने हात पुढे करून तो मोजा उचलला. तळव्यावर बाहेरून जाड पट्टी शिवलेली होती, व्हेल्क्रोची. त्याचा दुसरा तुकडा नव्या गाडीच्या डाव्या मुठीवर चिकटवलेला होता. दणक्याने बोटं उघडली तरी हात सुटू नये, म्हणून भिंगरी स्वतःला हँडलला बांधून घेत होती.

"हे कुणी शिवलं?"

"मीच. एका हाताने. म्हणून वाकडं झालंय."

"गाडी पडली तर हात कसा सुटणार?"

भिंगरीने बुटाच्या टाचेने खडी उकरली.

"एवढं वजन अंगावर घेऊन फरफटत गेली असतीस! आवाज नाही, काही नाही. मला कळलंसुद्धा नसतं तू कुठे पडलीस ते!" ताईचा आवाज चिरकला. तिने ती पट्टी मोज्यातून ओरबाडून काढायचा प्रयत्न केला. टाके वाकडे होते, पण पक्के होते. शेवटी तिने मोजा तसाच आपल्या खिशात कोंबला. "दुकानवाल्याला हे माहीत होतं?"

"हाताचं माहीत होतं. पट्टीचं नाही. तो लग्न झालेला आहे, ताई. बायको दातांची डॉक्टर आहे."

"मला काय करायचंय त्याच्या बायकोशी!" ताई म्हणाली, आणि जरा वेळाने, "बरी आहे का?"

पेट्रोलची गाडी त्यांनी खडकाला टेकवून ठेवली. ती दुसऱ्या दिवशी टेम्पोने आणायची ठरली. भिंगरीने ताईला धरून नव्या गाडीवर बसवलं. ताईने मूठ हलकेच पिळली, आणि गाडी अशी निघाली, जणू कुणी पाठीवर हात ठेवून पुढे नेतंय. माणसाच्या चालीनेही ती बंद न पडता चालत होती. पेट्रोलच्या गाडीवर एवढ्या हळू जायचं तर क्लच सोडून-धरून मनगट मोडलं असतं. भिंगरी शेजारून चालत होती. दोघींना एकमेकींचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"आवडली का?" भिंगरीने विचारलं.

"चेन ढिली आहे."

"आणि बाकी?"

"बाकी चोरासारखी चालते."

खाणीच्या तोंडाशी ते काठीवाले गृहस्थ अजून होते. या वेळी ताईनेच लांबून हाक मारली, "काका, आम्ही येतोय हो!" ते बाजूला झाले, पण समाधान झालेलं दिसलं नाही.

घरी बाबांना सगळं सांगावं लागलं, मोठ्याने आणि दोनदा. ते रागावले नाहीत. भिंगरीचा डावा हात मांडीवर घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मुलगा नाहीच का?"

त्या मोसमातल्या शर्यतीतून भिंगरीने नाव काढून घेतलं. ते तिने इतक्या पटकन मान्य केलं, की ताईला पुन्हा शंका आली. तिने स्वतः आयोजकांना फोन करून खात्री करून घेतली. शेडमध्ये जाऊन डाव्या मुठीवरची पट्टी खरवडून काढली, आणि चार्जर आपल्या कपाटात कुलपात ठेवला. विजेच्या गाडीचा हा फायदा तिला कुठल्या दुकानवाल्याने सांगितला नव्हता. भिंगरीने त्यावरून दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आली, उजव्या हातात.

गुरुवारी आता ताईही बरोबर जायची. तिचा घोटा बरा झाला होता, पण "मलाही दाखवायचाय" असं सांगून जायची. व्यायामाची खोली लांबट होती. भिंतीला शिड्या, कोपऱ्यात रबरी चेंडूंची टोपली. व्यायाम घेणाऱ्या बाई भिंगरीला चेंडू दाबायला लावायच्या आणि "छान, छान" म्हणायच्या. ताईला त्या 'छान'चाही भरवसा वाटत नव्हता. त्या सगळ्यांनाच छान म्हणायच्या.

एका गुरुवारी बाई बाहेर गेल्या, तेव्हा ताईने टोपलीतला चेंडू बाजूला सारला आणि आधीच्या गुरुवारी ठेवली होती तशीच आपली दोन बोटं भिंगरीच्या डाव्या तळव्यावर ठेवली.

"दाब."

भिंगरीने दाबलं. तिचा ओठ दाताखाली गेला.

"नाटक करू नकोस."

"नाही करत. हाच जोर आहे." तिने वर पाहिलं. "मागच्यापेक्षा जास्त आहे का? खरं सांग. बाई तर काहीही सांगतात."

ताईने डोळे मिटले. वर्षानुवर्षं ती बोटांनी नटांचा ताण ओळखत आली होती. आता मात्र तिला नुसती ऊब कळत होती, आणि एक बारीकशी थरथर. जास्त आहे म्हणून सांगावंसं वाटत होतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं.

"कळत नाहीये," ती म्हणाली. "खरंच कळत नाहीये. परत दाब."